केशरी पट्टा
सकाळी गाईंना पेंड घालून परतताना फाटकाजवळ माझ्या हरणाचा केशरी पट्टा पडलेला दिसला, चाकूने कापलेला. आई मेलेल्या त्या पाडसाला मी वासरांच्या बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, आणि शिकारीला येणाऱ्यांनी मारू नये म्हणून त्याच्या गळ्यात हा पट्टा घातला होता. आमच्या दक्षिण टेक्ससात पट्टा घातलेल्या हरणावर कोणी गोळी झाडत नाही, हे आमची गुरांची रँच विकून द्यायला आलेल्या दलालालाही ठाऊक होतं. पट्टा मुठीत धरून मी तशीच त्याच्या पिकअपपाशी गेले. ह्यूस्टनचं गिऱ्हाईक बंदूक घेऊन उभं होतं. "दोन्या चोले, जरा मागे व्हा," दलाल माझ्या कानाशी कुजबुजला. "शिकार आवडली की साहेब गुराढोरांसकट सगळी रँच घेणार आहेत." तेवढ्यात मेस्किटच्या झुडपांतून माझं हरीण बाहेर आलं. आता चांगलं शिंगांचं झालेलं. गिऱ्हाइकाने बंदूक उचलली. "अस्सल रानटी आहे साहेब," दलाल म्हणाला, "माणसाचा वास आला की पळतं. लवकर मारा." हरीण पळालं नाही. ते सरळ चालत आलं आणि दलालाच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसून बिस्किटं शोधू लागलं. तो ढकलत होता, ते पुन्हा खिशाशी येत होतं. पट्टा कापताना ते मुकाट उभं कसं राहिलं, ते मला तेव्हा कळलं. मी पट्ट्याला गाठ मारून तो परत हरणाच्या गळ्यात बांधला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "आता मारा साहेब. ज्याच्या गळ्यात पट्टा नाही, त्याला."