रिकामी खोली

"खोलीत कोणीही नाही. हीटर बंद करत आहोत," भिंतीतला गोड आवाज म्हणाला.

"मग मी कोण आहे रे?" डोक्यावरून घेतलेल्या गोधडीतून शरयूताई टिपणीस ओरडल्या.

वीज वाचवण्यासाठी नाशिकच्या त्या वृद्धाश्रमातल्या भिंती आता माणसाच्या अंगाची ऊब शोधायच्या. ऊब दिसली तरच हीटर चालायचा. थंडी वाजते म्हणून गोधडी ओढली की ऊब झाकली जायची आणि हीटर बंद व्हायचा.

व्यवस्थापक खैरनार धावत आले. "ताई, गोधडी जरा बाजूला करून बसा ना. यंत्रणेला तुम्ही दिसत नाही."

"या वयात थंडीत कुडकुडत बसू? तुमच्या यंत्रणेसाठी?"

"वर कळवलंय मी."

"गेल्या थंडीतही कळवलंच होतंत!"

गोधडी गुंडाळूनच त्या तणतणत बाहेर पडल्या. शेजारच्या खोलीतले बोंद्रे परवा वारले होते. त्यांच्यामागे कोणी नव्हतं, म्हणून ताईंनीच त्यांच्या पलंगाशी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला होता. ताई आत डोकावल्या, तर त्या खोलीत मस्त ऊब होती.

"बोंद्रे आजोबा, हीटर अजून वाढवू का?" भिंत त्या दिव्याला विचारत होती.

मागोमाग आलेल्या खैरनारांनी कपाळावर हात मारून घेतला. ताई आपल्या खोलीत परतल्या. त्यांनी पणतीत तेल घातलं, वात पेटवली आणि पणती स्वतःच्याच उशाशी ठेवली, दक्षिणेकडे तोंड करून.

"अहो ताई, जिवंत माणसाच्या उशाशी असा दिवा लावतात का?"

ताईंनी गोधडी पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली.

"नमस्कार, शरयूताई," भिंत म्हणाली. "केव्हा आलात?"