वळणावरचे पॉपलर

धोंडुबाईचा धनाजी फौजेतून सुट्टीवर येताना जम्मूहून पॉपलरच्या चौदा काड्या घेऊन आला. तिनं त्या आटपाडीच्या रस्त्याकडेला लावल्या, आठ वर्षं डोक्यावर कळशी वाहून जगवल्या, स्वतःच्याच शेरडांपासून राखल्या. गेल्या वैशाखातल्या वादळात आजूबाजूच्या बाभळी उन्मळून पडल्या, पण पॉपलरचं एकही झाड हललं नाही.

सोमवारी करवतवाले आले. "पवनचक्कीचं दोनशे फुटी पातं जायचं हाय, वळणावर झाडं आडवी येत्यात," म्हणाले. धोंडुबाई शेवटच्या झाडाला मिठी मारून शिव्या घालत राहिली. तिला उचलून बाजूला बसवलं आणि तेही पाडलं.

ज्याच्यापायी झाडं गेली ते पातं तरी बघावं, म्हणून ती रोज तिथं येऊन बसायची. चौथ्या दिवशी पवनचक्कीवाल्या साहेबाची जीप दिसली, तशी ती धोंडा उचलून रस्त्यात उभी राहिली.

"कुटं हाय रं तुजं पातं?"

"आजी, ते मागच्या महिन्यातच दुसऱ्या रस्त्यानं गेलं."

"मग माजी झाडं कशापायी पाडली?"

साहेबानं काच आणखी थोडी खाली केली.



"तोडायची मंजुरी आली होती ना, आजी. ती वाया कशी घालवायची?"