ठेवणीतली घोंगडी

उकंडरावांच्या तेरवीला मनकर्णाबाईनं नवऱ्याच्या पुढच्या वाटेसाठी छत्री दिली, वहाणा दिल्या. घोंगडी मात्र नवीकोरी म्हणून ठेवून घेतली.

"तिकडं कायची आली थंडी?" ती म्हणाली होती.

भर उन्हाळ्यात डोणगावच्या बाजारात बायस्कोपवाला आला. भिंगातून तिला उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातली बर्फाची जत्रा दिसली. दिवे, बिनचाकी गाड्या, लोकरीत गुंडाळलेले प्रवासी. त्यांच्यात उकंडराव छत्री धरून कुडकुडत उभे होते.

ती धावत घरून घोंगडी घेऊन आली.

"बापू, मले तेच चित्र दाखव."

उकंडराव आता अगदी भिंगाजवळ आले होते. तिनं घोंगडी वर धरली. ते काहीतरी बोलले, आणि भिंगावर वाफ धरली.

बायस्कोपवाल्यानं काच पुसली, परत पुसली. मग त्याचा हात थांबला.

"मावशी, वाफ तं आतून हाये."