जर्सीची माती

या माउली, सतरंजीवर अजून थोडं पुढं सरका. लेकरू फुटबॉलच्या स्पर्धेत उतरलं की आईबापानं कशाकशाची तयारी ठेवावी, ते शंभर शब्दांच्या गोष्टीत सांगतो.

रेणापूरच्या कुशावर्तानं दिवसभर सोयाबीन काढलं होतं, कंबर धरली होती. लेक प्रांजली लातूरहून पहिली मॅच आटोपून आली आणि मातीनं माखलेली जर्सी मोरीत टाकून उंबऱ्यावर बसली. तिथल्याच सरावाहून आली की जर्सीतून लाल मुरूम निघायचा. आज बादलीतलं पाणी काळंभोर झालं आणि वर सोयाबीनचं पान तरंगलं. कुशावर्ताचा हात थांबला. पोरीनं वाटेतल्या शेतात जर्सीला माती चोळली होती. मैदानात तिला उतरवलंच नव्हतं. तेवढ्यात बाप हौसेनं डोकावला. "काय म्हणतेत आमच्या खेळाडूबाई? लई पळवलं का समोरच्यायला?" प्रांजलीची मान खाली गेली. "बघा की, घासून हात भरून आले," कुशावर्ता म्हणाली. बाप खुशीत गेला. तिनं जर्सी पिळली, लेकीला म्हणाली, "पुढल्या मॅचला मी बी येते, माय. राखीव पोरींच्या बाकावर माझ्यापुरती जागा धर."

गोल करणाऱ्याचं कौतुक करायला अख्खं गाव असतं, माउली. तुम्ही सांजवात लावाल, हात जोडाल, तेव्हा बाकावर बसून पायमोजे ओढत राहिलेल्या लेकराची आठवण ठेवा. आणि त्याच्या शेजारी बसायला निघालेल्या आईचंही नाव देवाच्या कानावर घाला.