शनिवारपर्यंत छप्पर

नाटकाने देश हलवता येतो, यावर लेनर्ड ऑग्डनचा ठाम विश्वास होता. सध्या मात्र त्याला एक कुत्रा हलवता येत नव्हता.

लंडनमधल्या एका चर्चच्या गारठलेल्या हॉलमध्ये टेलिव्हिजनच्या नाटकाची तालीम चालली होती. जमिनीवर चिकटपट्ट्या लावून भिंती आखल्या होत्या, आणि कुत्रा नेमका भिंतीत बसला होता.

"मी लिहिलंय त्यात कुत्रा नाही," लेनर्ड म्हणाला.

"आता आहे," दिग्दर्शक ह्यूगो फॅरंट म्हणाला. "घरमालक सगळ्यांना रस्त्यावर काढतो, पोरांना सरकारी माणसं नेतात, आणि हा पावसात एकटा. कॅमेऱ्यात बघ तरी कसं दिसतं."

"तुला सगळं दिसण्यापुरतंच. अरे, नाटकातली ती आई म्हणजे माझी बहीण आहे."

ते खरंच होतं. नोरीन दोन पोरांना घेऊन बेघरांच्या वसतिगृहात राहत होती. तिथे नवऱ्यांना रात्री थारा नव्हता. शनिवारपर्यंत डोक्यावर छप्पर दाखवलं नाही, तर पोरं अनाथालयात जाणार होती. नगरपालिकेच्या साहेबाने तिला हे चहाचे घोट घेत घेत सांगितलं होतं. लेनर्डने तो चहासुद्धा नाटकात घातला.

टेलिव्हिजनच्या वरिष्ठांना नेमका चहाच खुपला. लेनर्डने टेबलावर मुठी आपटल्या, नाव काढून घेण्याची धमकी दिली. शेवटी सौदा ठरला. चहा राहिला, कुत्राही राहिला. घरी येऊन लेनर्डने रागाने एक बशी फोडली आणि तुकडे स्वतःच गोळा केले.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी रात्री नाटक लागलं. बुधवारी सकाळी तो टेलिव्हिजनच्या कचेरीत पोचला, तेव्हा फोन घेणाऱ्या मिसेस पार्जिटरचा घसा बसला होता.

"शिव्या?" त्याने आशेने विचारलं.

"नाही हो. रडतायत, आणि घर देऊ म्हणतायत. कालपासून उसंत नाही."

लेनर्ड खुर्चीत बसला. ज्या देशाला तो जन्मभर शिव्या घालत आला, त्याने त्याला पार तोंडघशी पाडलं होतं. त्याला थोडा रागच आला. मग त्याने तिच्या यादीतून लंडनबाहेरच्या सरे परगण्यातल्या एका मिसेस वेदरबींना फोन लावला.

"मी कालच्या नाटकाचा लेखक. तुम्ही घर द्यायला तयार आहात असं कळलं."

"अहो, आजच आणा. काल रात्रभर माझा डोळा लागला नाही. बाग मोठी आहे, स्वयंपाकघरात शेगडीपाशी ऊब असते. आमचा जॅस्पर गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून घर खायला उठतं."

लेनर्डने आवाज खाली आणला. "ऐकून वाईट वाटलं."

"खाण्याचे काही लाड?"

"अजिबात नाहीत. मिळेल ते खायची सवय आहे."

"अरेरे," मिसेस वेदरबी म्हणाल्या, आणि फोनवरच रडू लागल्या.

शुक्रवारी ते गाडीने निघाले. नोरीनने पोरांच्या माना लाल होईपर्यंत घासल्या होत्या. वसतिगृहातली जागा तिने सकाळीच सोडली होती.

"लेन, आपल्यासारख्यांना ठेवून घेईल ती?"

"रडत होती फोनवर."

"ही दोघं फार ओरडतात रे."

"ओरडू देत. मोठी बाग आहे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "माझंच चुकलं, नोरीन. या लोकांना काळीज असतं हे मला माहीतच नव्हतं."

दार उघडायच्या आधीच आतून लगबग ऐकू आली. मिसेस वेदरबी हसत बाहेर आल्या. त्यांनी नोरीनकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, दोरीने बांधलेल्या सुटकेसकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांवरून थेट फाटकापर्यंत नजर टाकली.

"आणि तो कुठाय?"

"कामावर गेलाय," नोरीन संकोचून म्हणाली. "चालणार असेल, तर रात्री येईल."

मिसेस वेदरबींच्या हातात कुत्र्याचा नवाकोरा पट्टा होता.