भिंतीलगतची जागा

पालिकेच्या बाईने किल्लीवाल्याच्या तळहातावर तीन लाल टिकल्या ठेवल्या आणि म्हणाली, "चौकात तुम्ही रोज जिथे असता ना काका, नकाशावर तिथे लावा." किल्लीवाल्याने आधी टिकल्या उलट्या करून पाहिल्या. मागे काही छापलेलं नव्हतं. तरी त्याचा जीव काही भांड्यात पडला नाही.

शाळेच्या हॉलमधली बाकं कडेला सारून, मधे टेबलं जोडून चौकाचा नकाशा पसरला होता. चौक नव्याने बांधायचा होता, आणि म्हणे लोकांना विचारून. निवृत्त म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या आया, सगळे नकाशावर वाकून आपापलं घर शोधत होते आणि सापडलं की उगाचच हरखत होते. किल्लीवाल्याला मात्र नकाशात एकच गोष्ट दिसत होती. वाचनालयाची लांब भिंत. तिच्या कडेला तो एकोणीस वर्षं कानस घेऊन बसत होता. शेजारी त्याची थोरली वहिनी शिलाई मशीन मांडायची, पलीकडे घड्याळवाला, छत्रीवाला, असे मिळून आठ जण. परवाना एकाकडेही नव्हता.

"लावू का मग आपल्या जागेवर?" वहिनीने हळूच विचारलं.

"वेड लागलंय का वहिनी?" तो पुटपुटला. "मागच्या खेपेला असाच एक गोडबोल्या वही घेऊन आला होता. कोण कुठे बसतं, सगळं लिहून नेलंन्. चौथ्या दिवशी पालिकेची अतिक्रमणाची गाडी हजर. तुमचं मशीन सोडवायला किती खेटे घातले, विसरलात?"

वहिनी विसरली नव्हती.

त्याने हॉलमध्ये आलेल्या भिंतीलगतच्या बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं. एकेकाने पुढे होऊन आपल्या टिकल्या पार दुसऱ्या टोकाला, कारंज्यापाशी चिकटवल्या. त्या बाजूला त्यांच्यातलं कोणी वर्षातून एकदाही फिरकत नसे. किल्लीवाला मनातून भलताच खूश झाला. करा म्हणावं आता काय पंचनामा करायचा तो!

बाई नकाशाभोवती फिरत फिरत भिंतीपाशी थबकली. "इथे एकही टिकली नाही. या भिंतीलगत खरंच कोणी बसत नाही?"

एका म्हाताऱ्याने बोलायला तोंड उघडलं. कालच त्याने कपाटाची किल्ली करून घेतली होती. तो काही बोलायच्या आत किल्लीवाला घाईने म्हणाला, "तिथे कोण बसणार मॅडम? दिवसभर ऊन असतं." म्हाताऱ्याने त्याच्याकडे चमकून पाहिलं आणि तोंड मिटलं.

"नक्की ना काका?"

"अगदी नक्की."

मग बाईने पिशवीतून पुठ्ठ्याचे छोटे छोटे गाळे काढले आणि टेबलाच्या कडेला ओळीने ठेवले. वर छप्पर, पुढे फळी, बाजूला इवलंसं दार. "हे भिंतीलगत मांडायला आणले होते. परवान्यासकट देता आले असते. पण लोकांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय आराखड्यात काही घालायचं नाही, असं ठरलंय आमचं." तिने सुस्कारा टाकला. "कोणी बसतच नसेल, तर मग तिथे गाड्या उभ्या करायला जागा देऊ." तिने एक लांबट करडी पट्टी घेतली आणि तिच्या पाठीला डिंक लावायला सुरुवात केली.

वहिनीने दिराचं मनगट घट्ट धरलं. "भावजी, बोला की! अजून चिकटवलं नाहीये तिने."

बोलावं असं किल्लीवाल्याला फार वाटत होतं. त्याची नजर त्या गाळ्यांवर खिळली होती. त्याने ते डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले.

"आठ," तो वहिनीच्या कानाशी लागून म्हणाला. "नेमके आठच कसे आणले हिने?"