पेट्रोल कुठे अडलं

इंजिन सुरू झालं, थोडा वेळ धडधडलं आणि गचके खात बंद पडलं. धाकटीचे बाबा, म्हणजे गॅरेजचे मिस्त्री, कान देऊन ऐकत उभे होते. पेट्रोल येत नाहीये, असं ते म्हणाले, तेव्हा धाकटीचा जीव जरासा भांड्यात पडला. एवढं तरी त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पेट्रोल येणार कुठून? टाकीखालचा, पेट्रोल सोडणारा कॉक सकाळी तिनेच बंद केला होता, बाबा आत चहा घेत होते तेवढ्यात. गॅरेजच्या कोपऱ्यातला हा पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर घरचाच, त्यामुळे बिघडवला तरी कुणा गिऱ्हाइकाचं काही जाणार नव्हतं. ही अक्कल थोरल्या भावाची. तो दूरच्या शहरात राहायचा आणि घर फोनवरून चालवायचा.

बाबांचं विसरणं हल्ली वाढलं होतं. ते धाकटीला आत्याच्या नावाने हाक मारत, त्याचं काही नव्हतं. पण मागच्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट हाताने फिरवून ठेवले आणि पाना लावून आवळायचं विसरले. माणूस थोडक्यात वाचला. भावाने फोनवरच निकाल लावला. सोप्यातला सोपा बिघाड करून ठेव; सापडला तर ठीक, नाही तर शटर कायमचं खाली ओढ, आणि संध्याकाळी मला खरं काय ते सांग. धाकटी हो म्हणाली. गॅरेज गेलं तर बाबांचं काय उरेल, हे तिला भावापेक्षा जास्त कळत होतं. पुढचा माणूस वाचेलच असं नाही, हेही कळत होतं.

पेट्रोल येत नसेल तर आधी कॉक बघायचा, हे सायकलवाल्यालाही ठाऊक असतं. मिस्त्री मात्र कॉकसमोरून सरळ कार्ब्युरेटरपाशी गेले.

"पाना घे," ते म्हणाले. "खालची वाटी खोल."

धाकटी बघतच राहिली. कार्ब्युरेटरला त्यांनी आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. तिच्या वाट्याला हवा भरणं, पंक्चर काढणं आणि काम रखडलं की गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, एवढंच यायचं. आज ते स्वतः पालथ्या डब्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. हात थरथरत असतील, तिने मनाशी म्हटलं, मला दिसू नये म्हणून दाबून धरलेत.

तिने वाटी खोलली. तळाशी तांबूस गाळ होता. असा गाळ दिसला की टाकी आतून गंजतेय असं समजायचं, ते म्हणाले. मग त्यांनी तिला वाटीत तरंगणारा पोकळ फ्लोट काढायला लावला. तो कानाशी हलवून बघ, आत खळखळलं तर तो फुटकाय. पेट्रोल जातं ती बारीक तोटी, जेट, उजेडासमोर धर, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर फुंकर मार, पण तार घालू नकोस. तारेने भोक मोठं होतं आणि मग इंजिन नुसतं पेट्रोल पीत बसतं. तिने फ्लोटखालची सुई उलटी बसवली, तर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सगळं लावून होऊ दिलं आणि मग परत सगळं खोलायला लावलं. धाकटीला राग आला. पुन्हा चुकली, पुन्हा खोललं. त्यानंतर मात्र तिने काहीही न विचारता सगळं जिथल्या तिथे बसवलं.

मधून मधून ती आशेने सुचवत होती. टाकीत कचरा असेल का, नळी तुंबली असेल का. एकदा तर तिने दिवा मुद्दाम कॉकच्या अंगावर धरला. टाकीचं नंतर, एवढंच म्हणून त्यांनी दिवा पुन्हा कार्ब्युरेटरकडे वळवायला सांगितला. तेव्हा तिला कळून चुकलं. नटांचंही असंच झालं होतं. सगळी विद्या जागच्या जागी आणि नेमकी एक साधी गोष्ट निसटलेली. संध्याकाळी भावाला काय सांगायचं ते ठरलं. तिला फार वाईट वाटत होतं.

शेवटचा स्क्रू आवळून झाला. आता बाबा इंजिन चालू करणार, ते पुन्हा बंद पडणार आणि ते तिथे ओशाळून उभे राहणार, हे तिच्याने बघवलं नसतं. ती हळूच टाकीकडे सरकली आणि तिने कॉककडे हात नेला.

"उघड आता," मिस्त्री मागून म्हणाले. "कार्ब्युरेटर खोलताना तो बंदच लागतो. सकाळीच बंद करून ठेवलास ते बरं झालं."

धाकटीचा हात जागीच राहिला. माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

"थोरल्याचा आवाज फोनमधून भिंतीपलीकडे येतो." ते डब्यावरून उठले. त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. "आज मला सगळं लख्ख आठवतंय. उद्याचं सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आहे तोवर तुझ्या हातून करून घ्यावं."

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. तुम्ही पास झालात, दादाला आत्ताच फोन करते, असं म्हणत ती हात पुसू लागली. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली.

"त्या माणसाचे नट मीच सैल सोडले होते, पोरी. मी आता पान्याला हात लावत नाही. शटर खाली ओढू नकोस, गॅरेज तू चालव," ते म्हणाले. "आणि थोरल्याला सांग, बाबांना कॉक सापडला नाही."